कुऱ्हाडे यादीत दिसतात, शोधात सापडत नाहीत: स्ट्रिंगमधली अक्षरं कशी तपासायची

एका छोट्या ग्रंथालयासाठी सभासदांची यादी वेबवर टाकायचं काम मी केलं होतं. खाली यादी, वर शोधाची चौकट; नाव टाइप करत गेलं की यादी गाळली जाते. पहिल्याच आठवड्यात तिथल्या बाईंचा फोन आला. “अहो, कुऱ्हाडे टाकलं तर एकही कुऱ्हाडे येत नाही, आणि यादीत तर चार आहेत.” मी माझ्याकडे करून पाहिलं. चौघे डोळ्यांसमोर होते आणि शोध शून्य सांगत होता. कोड तीनदा वाचला, चूक दिसेना. शेवटी वैतागून यादीतलं आडनाव कॉपी केलं, त्याच्या शेजारी स्वतः टाइप केलेलं ठेवलं आणि दोन्हींची लांबी विचारली. एकाची आली ९, दुसऱ्याची ८.

या लेखात आपण तिथपर्यंत पायरीपायरीने जाऊ. व्हेरिएबल, इफ आणि फॉर लूप येत असेल तर तेवढं पुरे. भाषा मुख्यतः जावास्क्रिप्ट. सर्व्हरची गोष्ट आली की पीएचपी आणि पायथनकडेही एक नजर टाकू. फंक्शनांची नावं मी आपण तोंडी बोलतो तशीच लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्ये करायची, आणि ‘इंडेक्सऑफ’मधला ओ किंवा ‘चारॲट’मधला ए मोठा असतो हे विसरायचं नाही. आकड्यांचंही तसंच: कोडमध्ये ते इंग्रजीच लागतात.

पहिली पायरी: कन्सोल उघडा आणि एक शब्द फोडून बघा

ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा, कन्सोल उघडा आणि ‘नाव’ या व्हेरिएबलमध्ये “मराठी” ठेवा. अवतरणांतल्या अशा मजकुराला स्ट्रिंग म्हणतात. गंमत म्हणजे व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ‘नाव’ असंच ठेवलं तरी जावास्क्रिप्ट कुरकुर करत नाही. टीमच्या प्रोजेक्टमध्ये हा उद्योग करू नका, पण शिकताना मजा येते.

आता नाव.लेंग्थ विचारा. उत्तर ५. शाळेतल्या हिशोबाने मराठी हा शब्द तीन अक्षरी: म, रा, ठी. मग हे दोन जास्तीचे कोण? चौकटी कंस वापरून एकेक जागा विचारत जा. मोजणी शून्यापासून सुरू होते:

नाव[०] म्हणजे म
नाव[१] म्हणजे र
नाव[२] म्हणजे ा
नाव[३] म्हणजे ठ
नाव[४] म्हणजे ी

काना आणि दुसरी वेलांटी यांना स्वतःच्या जागा आहेत. संगणकाच्या लेखी ‘रा’ हे एक अक्षर नाही. र आणि मग काना अशा त्या दोन वस्तू आहेत. पुढे येणारी जवळजवळ प्रत्येक भानगड या एका गोष्टीतून निघते, म्हणून इथे पाच मिनिटं जास्त घालवा. स्वतःचं नाव, आईचं नाव, गावाचं नाव फोडून बघा. “किरण” फोडलात तर पहिल्या जागी क मिळेल आणि दुसऱ्या जागी ि. कागदावर आपण पहिली वेलांटी आधी काढतो, पडद्यावरही ती डावीकडे दिसते. साठवणीत मात्र ती व्यंजनानंतरच येते.

चौकटी कंसाऐवजी चारॲटही चालतं. फरक एवढाच, की नसलेली जागा विचारली तर चारॲट रिकामी स्ट्रिंग देतं आणि कंस अनडिफाइन्ड देतो. शेवटचं चिन्ह हवं असेल तर ‘ॲट’ला उणे १ द्या. “मराठी”साठी मिळेल नुसती ी, टिंबांच्या वर्तुळाला लटकलेली. ते वर्तुळ दिसलं की समजायचं, मात्रा तिच्या व्यंजनापासून तुटली आहे.

दुसरी पायरी: आहे की नाही?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. त्याला सरळ उत्तर आहे इन्क्लूड्स: नाव.इन्क्लूड्स(“ठ”) विचारलं की ट्रू किंवा फॉल्स. सुरुवात तपासायला स्टार्ट्सविथ, शेवट तपासायला एंड्सविथ. ही तिन्ही २०१५च्या आवृत्तीपासून जावास्क्रिप्टमध्ये आहेत. त्याआधी सगळे इंडेक्सऑफ वापरत. जुन्या कोडमध्ये ते तुम्हाला भेटेलच, म्हणून त्याचा सापळा ओळखून ठेवा.

इंडेक्सऑफ जागा सांगतं. सापडलं नाही तर उणे १. आता कुणी उत्साहाने थेट इफमध्ये नाव.इंडेक्सऑफ(“म”) लिहिलं, तर “मराठी”मध्ये म पहिल्याच जागी, म्हणजे ० वर आहे. ० म्हणजे इफला खोटं. म्हणून “म नाही” असं उत्तर. उलट “झ” शोधला तर उणे १ येतं, ते शून्य नाही म्हणून इफला खरं, म्हणजे “झ आहे”. आहे त्याला नाही आणि नाही त्याला आहे! पीएचपीच्या स्ट्रपॉसमध्येही याच जातीची खोड आहे: सापडलं नाही तर फॉल्स, सुरुवातीलाच सापडलं तर ०, आणि दोन बरोबरच्या खुणांनी तुलना केली की दोन्ही एकच. तिथे तीन बरोबरच्या खुणा हव्यात. पीएचपी ८ पासून स्ट्र_कंटेन्स आलं आहे, ते वापरा आणि मोकळे व्हा.

आणखी एक बारीक गोष्ट. इन्क्लूड्सला रिकामी स्ट्रिंग दिली तर उत्तर नेहमी ट्रू येतं. शोधाची चौकट रिकामी असताना अख्खी यादी दिसावी असं वाटत असेल तर छान. नसेल तर आधी लांबी तपासा.

मराठीत या पायरीवर एक जादा वळण आहे. “कामिनी”मध्ये “काम” आहे का? संगणक म्हणेल आहे, कारण क, काना, म ओळीने आहेत; वेलांटी त्यानंतर आली, तिच्याशी त्याला देणंघेणं नाही. “सत्य”मध्ये “सत” आहे का? आहे, पाय मोडल्याची खूण त नंतर येते. टाइप करता करता गाळणाऱ्या शोधासाठी हे वागणं उलट सोयीचं, कारण माणूस “काम” पर्यंत पोचला की कामिनी दिसायला लागते. पण शब्दकोडं किंवा शब्दांचा खेळ बनवत असाल तर हेच उत्तर सपशेल चुकीचं. तुम्हाला कोणतं हवं ते आधी ठरवा.

तिसरी पायरी: मोजायचं काय?

“महाराष्ट्र” हा शब्द घ्या. शाळेत म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरं. लेंग्थ सांगतं १०: म, ह, काना, र, काना, ष, पायमोड, ट, पायमोड, र. पीएचपीचं स्ट्रलेन सांगतं ३०, कारण ते बाइट, म्हणजे साठवणीचे आठ बिटांचे तुकडे, मोजतं आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. चार, दहा आणि तीस: तिन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत.

जावास्क्रिप्टचं लेंग्थ खरं तर सोळा बिटांचे तुकडे मोजतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एका तुकड्यात मावतं, म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. अंगठ्याच्या इमोजीला दोन तुकडे लागतात, म्हणून त्याचं लेंग्थ २. फॉर लूपने जागेजागेने गेलात तर इमोजी मधोमध फाटतो. फॉर-ऑफ लूप किंवा तीन टिंबांचं स्प्रेड वापरलं तर तो अख्खा हाती येतो. काना-मात्रा मात्र त्यानेही सुट्याच राहतात.

माणसाच्या हिशोबाची अक्षरं हवी असतील तर इंटल.सेगमेंटर आहे. त्याला भाषा ‘एमआर’ आणि तुकड्याचा प्रकार ‘ग्राफीम’ सांगितला की तो शब्द अक्षराअक्षराने तोडून देतो. क्रोममध्ये तो २०२० पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२४ साली १२५व्या आवृत्तीत आला. पण एक खाचखळगा सांगून ठेवतो: जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना नंबर देणाऱ्या मानकाच्या) १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारा ब्राउझर “महाराष्ट्र”चे सहा तुकडे करतो: म, हा, रा, ष्, ट्, र. नवा ब्राउझर चार करतो. तेव्हा “नाव किमान अमुक अक्षरी हवं” यासारखा नियम सेगमेंटरच्या भरवशावर लिहू नका. एकाच्या मोबाइलवर फॉर्म जाईल, दुसऱ्याच्या जाणार नाही. मुळात असा नियम कशाला लिहायचा हाही प्रश्नच आहे. “श्री” हे एकच अक्षर आहे आणि ते पूर्ण नाव असू शकतं.

हा आकड्यांचा गोंधळ कुठे चावतो? फॉर्मच्या मॅक्सलेंग्थमध्ये, म्हणजे चौकटीत जास्तीत जास्त किती चिन्हं चालतील त्या मर्यादेत. तिथे १० लिहिलंत तर ब्राउझर लेंग्थच्याच हिशोबाने मोजतो, म्हणजे “महाराष्ट्र” जेमतेम बसतं आणि “महाराष्ट्रात” बसत नाही. इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून कुणीतरी २० लिहिलेलं असतं आणि मग लांब आडनावाच्या माणसाची शेवटची वेलांटी कापली जाते. एसएमएसचंही तसंच: साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० चिन्हं मावतात, मराठी मजकूर आला की ७०, आणि त्या सत्तरात प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजली जाते. ओटीपीचा मजकूर मराठीत लिहायचं काम आलं तर हे आधी क्लायंटला सांगा.

आणि उलटं करायचा तो प्रसिद्ध अभ्यास: स्ट्रिंग रिकाम्या स्प्लिटने फोडा, रिव्हर्स करा, जोडा. “मराठी”वर चालवून बघा. सुरुवातीला एक बेवारस ी, मग “ठारम”. र चा काना ठ ला जाऊन चिकटला. इंग्रजी उदाहरणांवर शिकताना हे कधी दिसतच नाही.

चौथी पायरी: चिन्हाचा नंबर बघा

डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसेल तेव्हा नंबर विचारायचा. कोडपॉइंटॲट प्रत्येक चिन्हाचा युनिकोड नंबर देतं. देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१, एकूण १२८ जागांचा. अ २३०९, क २३२५, ह २३६१, काना २३६६, पायमोड २३८१. अंक ० ते ९ म्हणजे २४०६ ते २४१५.

आता ग्रंथालयातली ती दोन आडनावं. मी टाइप केलेल्या आठ चिन्हांच्या कुऱ्हाडेचे नंबर असे:

२३२५ क
२३६९ ु
२३५३ ऱ
२३८१ ्
२३६१ ह
२३६६ ा
२३३७ ड
२३७५ े

यादीतल्या नऊ चिन्हांच्या आडनावात तिसऱ्या जागी २३५३ नव्हता. तिथे होता २३५२, म्हणजे साधा र. मग पायमोड २३८१, आणि त्याच्यामागे ८२०५. हा ८२०५ म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर त्याचं काहीच दिसत नाही, शेजारच्या अक्षरांना तो फक्त “असे दिसा” म्हणून सांगतो. तो वाकडा अर्धा र काढायच्या या दोन रीती आहेत. कोणती वापरली जाईल हे कीबोर्डवर ठरतं. जुनी यादी कार्यालयातल्या संगणकावर एका कीबोर्डने भरलेली, शोध मोबाइलवरून दुसऱ्याने. दिसायला सख्खी जुळी, पण तीन बरोबरच्या खुणांनी विचारलं की फॉल्स.

नंबरावरून एक जाता जाता निरीक्षण: ळ चा नंबर २३५५, ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. म्हणून साधं सॉर्ट केलं की ळ व्यंजनांच्या मध्येच घुसतो. आणि क्ष, ज्ञ यांना तर स्वतःचा नंबरच नाही. क, पायमोड, ष अशी क्ष ची लांबी ३.

नंबरांची यादी काढून सगळेच पट्ट्याबाहेरचे आले तर मजकूर युनिकोडमध्ये नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या डीटीपी फाँटमधून चिकटवलेला मजकूर असा असतो: दिसायला मराठी, आत भलतेच कोड. त्याला आधी कन्व्हर्टरमधून काढा, तपासणी नंतर.

पाचवी पायरी: रेगेक्स, आणि सुनीताला प्रवेश का नाही

रेगेक्स म्हणजे मजकुराचा नमुना लिहून तो जुळतो का ते तपासायची रीत. “नावात फक्त अक्षरं हवीत.” ही मागणी प्रत्येक फॉर्ममध्ये असते, आणि नवशिक्याचं पहिलं उत्तर असतं बॅकस्लॅश डब्ल्यू. ते विसरा. जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ इंग्रजी लहान-मोठी अक्षरं, ० ते ९ हे इंग्रजी अंक आणि खालची रेघ, मिळून ६३ चिन्हं. देवनागरीतलं एकही नाही. शब्दाची सीमा ओळखणारा बॅकस्लॅश बीसुद्धा याच ६३ वर उभा आहे, म्हणून मराठी शब्दांसाठी तोही निकामी.

दुसरं उत्तर थोडं शहाणं: अ ते ह असा पट्टा. किंवा २०१८ पासून मिळणारा युनिकोड गुणधर्म, बॅकस्लॅश पी आणि महिरपी कंसात मोठा एल, म्हणजे ‘कोणत्याही भाषेचं अक्षर’. त्यासाठी रेगेक्सच्या शेवटी यू हा फ्लॅग, म्हणजे सूचनेचं अक्षर, लागतो. चालवून बघितलं तर “कमल” पास, “अजय” पास, “समर” पास. खूश होऊन कोड वर चढवला जातो. दुसऱ्या दिवशी सुनीता, विठ्ठल, गौरी सगळे दाराबाहेर.

कारण एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. युनिकोडच्या वर्गीकरणात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पायमोड ही अक्षरं नाहीत, त्या खुणा आहेत. त्यांचा वर्ग मोठा एम. ज्या नावात एकही खूण नाही तेवढीच नावं आत गेली. पायथनवाल्यांनी हसू नये: तिथे “मराठी” या शब्दाला इझअल्फा विचारलं तर तोही फॉल्स म्हणतो, याच कारणाने. आणि चाचणीसाठी “कमल” हे नाव निवडणं ही किती सहज होणारी चूक आहे बघा. चाचणीचं नाव नेहमी अडचणीचं निवडावं.

मग नावासाठी संच कोणता? मी हा वापरतो: अक्षरांचा वर्ग, खुणांचा वर्ग, स्पेस, टिंब, जोडरेघ, आणि ८२०४ व ८२०५ हे दोन अदृश्य जोडक. टिंब “डॉ.” आणि आद्याक्षरांसाठी, जोडरेघ दोन आडनावं लावणाऱ्यांसाठी. रेगेक्सच्या सुरुवातीला टोपी आणि शेवटी डॉलर द्यायला विसरू नका. नाहीतर “सुनीता<<<” हेसुद्धा पास होईल, कारण कुठेतरी एक अक्षर सापडलं की रेगेक्स समाधानी. आख्खा देवनागरी पट्टा २३०४ ते २४३१ सरसकट घेऊ नका, त्यात अंक आणि दंडही येतात. आणि फक्त देवनागरीवर अडूनही बसू नका. नाव रोमनमध्ये लिहिणारा माणूसही खरा असतो.

एक सापळा याच पायरीवर. रेगेक्स व्हेरिएबलमध्ये ठेवला, त्याला जी फ्लॅग लावला आणि टेस्ट दोनदा चालवली, तर तीच स्ट्रिंग एकदा ट्रू, एकदा फॉल्स येऊ शकते. जी फ्लॅग असला की रेगेक्स मागच्या वेळी कुठे थांबलो ते लक्षात ठेवतो आणि पुढून शोधायला लागतो. नुसतं तपासायचं असेल तेव्हा जी लावायचाच नाही. यात माझी एक संध्याकाळ गेली आहे.

अंकांची गोष्ट लहान आहे. पिनकोडच्या चौकटीत माणूस ४११०३० असं देवनागरीत लिहितो आणि फॉर्म म्हणतो चुकीचा पिन. जावास्क्रिप्टचा बॅकस्लॅश डी फक्त इंग्रजी अंक ओळखतो आणि नंबर फंक्शन “१२”चं नॅन (‘नंबर नाही’) करतं. (पायथनचं इंट तेच “१२” विनातक्रार बारा म्हणून घेतं.) माणसाला ओरडण्यापेक्षा आपणच बदलून घ्यावं: २४०६ ते २४१५ मधला नंबर दिसला की त्यातून २३५८ वजा करा, इंग्रजी अंकाचा नंबर मिळतो. मग सहा अंक आहेत का आणि पहिला शून्य नाही ना, ते बघा.

सहावी पायरी: दिसायला सारखी, आतून वेगळी

कुऱ्हाडे हे एकच प्रकरण नव्हतं. त्या यादीत मी नंतर आणखी तीन जाती शोधून काढल्या.

पहिली विसर्गाची. “दुःख” मधला विसर्ग २३०७. पण निम्मी जनता विसर्गाची कळ न सापडल्याने अपूर्णविरामाची टिंबं देते: “दु:ख”. त्याचा नंबर ५८, साध्या इंग्रजी चिन्हांतला. दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघा, फाँट चांगला असेल तर फरक ओळखायला चष्मा लागेल.

दुसरी ॲ ची. “ॲड.” लिहिताना कुणी २४१८ नंबरचा अख्खा ॲ वापरतो, कुणी अ लिहून त्यावर अर्धचंद्र देतो (२३०९ आणि २३७३), तर कुणी हिंदी वळणाचा ऍ, नंबर २३१७. तीन वकील, तीन स्पेलिंगं.

तिसरी नुक्त्याची. ऱ हा एकच नंबर म्हणून येतो किंवा र च्या खाली नुक्ता, म्हणजे टिंब (२३६४), म्हणून येतो.

इथे बहुतेक लेखांत एक औषध सांगितलेलं असतं: नॉर्मलाइज, म्हणजे समतुल्य रूपं एकाच रूपात आणणारं फंक्शन. ते नक्की वापरा, पण ते किती करतं हे माहीत असू द्या. तिसरी जात ते बरी करतं: र आणि नुक्ता यांचा ऱ होतो. दुसऱ्या जातीला ते हात लावत नाही, कारण अ वर अर्धचंद्र आणि ॲ हे युनिकोडच्या मते समतुल्य नाहीत. पहिलीचा तर प्रश्नच नाही. आणि ८२०५ वाला अर्धा र तसाच राहतो. म्हणजे चारांतला एक आजार बरा.

उरलेले तीन स्वतः करायचे. माझं साफसफाईचं फंक्शन या क्रमाने चालतं:

१. नॉर्मलाइज.
२. र, पायमोड, ८२०५ असे तिघे ओळीने दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि पायमोड.
३. अ आणि अर्धचंद्र, तसंच ऍ, यांच्या जागी ॲ. आ आणि अर्धचंद्र यांच्या जागी ऑ.
४. दोन देवनागरी चिन्हांमध्ये अपूर्णविराम आला तर विसर्ग. शब्दाच्या शेवटी विसर्ग असो की अपूर्णविराम, दोन्ही काढून टाकायचे. “स्वत:” आणि “नाव:” यांत कोण विसर्ग आणि कोण विराम हे ठरवत बसण्यात अर्थ नाही.
५. ८२०३, ८२०४ आणि ८२०५ उडवायचे. ट्रिम हे काम करत नाही. ते स्पेस काढतं, पण या अदृश्य मंडळींना ते स्पेस मानत नाही.
६. सलग स्पेसची एक स्पेस, मग ट्रिम.

क्रम महत्त्वाचा आहे. मी पहिल्यांदा पाचवी ओळ दुसरीच्या आधी ठेवली होती. जोडक उडाला, र आणि पायमोड उरले आणि कुऱ्हाडेंचा रफारवाला “कुर्हाडे” झाला. आडनावात हे नुसतं वाईट दिसतं. पण मराठीत या दोन र मध्ये अर्थाचा फरक आहे: आचार्यांना नमस्कार करायचा असतो आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचं सांगायचं असतं. दर्या एक आणि दऱ्या अनेक.

ही साफसफाई मूळ नावावर करून ते नाव बदलून टाकू नका. माणसाने लिहिलेलं नाव जसंच्या तसं एका रकान्यात, साफ केलेली प्रत शोधासाठी दुसऱ्या रकान्यात. शोधाच्या चौकटीत जे येईल तेही त्याच फंक्शनमधून काढायचं आणि मग दुसऱ्या रकान्याशी ताडून बघायचं. दाखवताना पहिला रकाना. ॲडव्होकेटांना त्यांचा हिंदी वळणाचा ऍ हवा असेल तर असू दे.

सर्व्हरच्या बाजूला

ब्राउझरमधली तपासणी ही माणसाच्या सोयीसाठी असते. कन्सोल उघडता येणारा कुणीही ती बाजूला सारू शकतो. म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करायची. पीएचपीमध्ये एवढं सांभाळा: स्ट्रलेन आणि सबस्टर बाइटवर चालतात. “महाराष्ट्र”चे पहिले दहा बाइट मागितले तर म, ह, काना ही तीन चिन्हं आणि चौथ्याचा एक तृतीयांश तुकडा मिळतो. पडद्यावर तो काळ्या चौकोनातल्या प्रश्नचिन्हासारखा दिसतो. बातमीचं शीर्षक कापून शेवटी तीन टिंबं देणाऱ्या साइटवर हे चिन्ह तुम्ही पाहिलं असेलच. मल्टिबाइटची, म्हणजे एमबीने सुरू होणारी फंक्शनं वापरली की चिन्ह फाटत नाही. वेलांटी मात्र तरीही सुटी पडू शकते, म्हणून मी शीर्षक नेहमी स्पेसवर कापतो. स्ट्र_कंटेन्स आणि स्ट्रपॉस बाइटवर चालत असूनही सापडलं-न सापडलं हे बरोबर सांगतात, कारण यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे की एका चिन्हाचे बाइट दुसऱ्याच्या मधोमध जुळत नाहीत. फक्त स्ट्रपॉसने दिलेली जागा बाइटमध्ये असते, ती एमबी फंक्शनला देऊ नका.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तक्त्याचा अक्षरसंच (कॅरॅक्टर सेट) यूटीएफ-८-एमबी-४ ठेवा. तिथलं जुनं साधं ‘यूटीएफ-८’ एका चिन्हाला तीनच बाइट देतं. देवनागरी त्यात बरोबर मावते, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही; मग कुणीतरी अभिप्रायात चार बाइटचा इमोजी टाकतो.

चाचणीसाठी मी एक छोटी यादी जवळ ठेवतो आणि प्रत्येक नव्या फॉर्ममधून ती काढतो: कुऱ्हाडे दोन्ही रीतींनी, महाराष्ट्र, श्री, विठ्ठल, दुःख आणि दु:ख, ॲड. तिन्ही प्रकारांनी, आचार्य आणि आचाऱ्याला, ४११०३०, एक इमोजी, नुसती स्पेस आणि एक रिकामी ओळ. ग्रंथालयाच्या बाईंनी त्यात नंतर आपणहून एक भर घातली. त्यांच्याकडे एका सभासदाने फॉर्ममध्ये अवग्रहाच्या (ऽ) जागी इंग्रजी एस टाइप करून पाठवला होता, आणि तो आला कुठून हे शोधायला मला पुन्हा नंबरच काढावे लागले.